रक्तांतील शिबंदी आणि विषाणूंचा न्यूमोनिया

हल्लीं घरांत कोणास चार दिवस ताप राहिला व खोकल्याबरोबर धाप लागूं लागली, कीं डॉक्टर प्रथम रक्त तपासावयास सांगतात. आणि दिवस मावळण्यापूर्वीं प्रयोगशाळेचा छापील अहवाल घरांत येऊन पडतो. पूर्वीं असा अहवाल डॉक्टरांच्याच हातीं जाई. आतां तो थोरला मुलगा वाचतो, सून वाचते, कॉलेजांत जाणारी नात वाचते. आणि एखाद्या आंकड्यापुढें ‘कमी’ किंवा ‘जास्त’ अशी खूण दिसली कीं सारें घर चिंतेंत पडतें. लिम्फोसाइट नांवाच्या पेशी कमी झाल्या आहेत एवढें वाचून कोणी म्हणतो, आजींच्या रक्तांतला जोरच संपला. कोणी शक्ति वाढविणारा काढा सुचवितो. आणि कोणी शेजारच्या रोग्यास गुण आलेली गोळी विचारपूस न करितां आणून देतो.

सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत अशा प्रसंगांतून महाराष्ट्रांतील फारच थोडीं घरें सुटलीं असतील. कोव्हिडची ती मोठी साथ ओसरली. परंतु विषाणूंचा न्यूमोनिया कांहीं तिच्याबरोबर निघून गेला नाहीं. इन्फ्लुएंझा पावसाळ्यांत व हिवाळ्यांत आपली हजेरी लावून जातो, तान्ह्या मुलांस आर. एस. व्ही. नांवाचा विषाणु गांठतो, आणि गोंवर अजून पुरता हटलेला नाहीं. या रोगांत आपल्या रक्तांतील रक्षक पेशींचें नेमकें काय होतें, हें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय केवळ कुतूहलाचा नव्हे. एकच औषध एका रोग्यास तारतें आणि तेंच दुसऱ्यास कां मारतें, या प्रश्नाचें उत्तर या पेशींच्या वर्तनांतच दडलेलें आहे.

रणभूमि

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० कोटींहून अधिक वायुकोश आहेत. ते सारे उलगडून अंथरले तर अदमासें ७० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे शहरांतील एखाद्या बेताच्या बिऱ्हाडाची सगळी जमीन झांकली जाईल. या कोशांची भिंत अत्यंत पातळ असून तिच्या पलीकडून सूक्ष्म रक्तवाहिन्या वाहत असतात. हवेंतील प्राणवायु या भिंतींतून रक्तांत शिरतो आणि रक्तांतील दूषित वायु बाहेर पडतो. हे कोश द्रवानें व पेशींनीं भरून गेले, म्हणजे वायूची ही देवघेव खुंटते. यासच आपण न्यूमोनिया म्हणतों.

हा रोग जंतूंमुळें होतो तसाच विषाणूंमुळेंही होतो. परंतु त्या दोहोंची रीत निराळी. जंतु हा स्वतंत्र जीव आहे. अनुकूल जागा मिळाली कीं तो आपल्या बळावर वाढतो. विषाणूस मात्र स्वतःचें बिऱ्हाड नाहीं. तो आपल्याच पेशींत शिरतो, तिचीच यंत्रसामग्री वापरून आपल्या सहस्रावधि प्रती काढतो, आणि बहुधा ती पेशी मोडून बाहेर पडतो. म्हणून विषाणूशीं लढणें म्हणजे ज्या पेशींत तो लपला आहे त्या आपल्याच पेशींचा बळी देणें होय. या लढाईंत स्वतःच्या घराचें कांहीं नुकसान झाल्यावांचून राहत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं प्रारंभींच ध्यानांत धरावी; पुढील सर्व विवेचनाची ती किल्ली आहे.

शिबंदी

शरीरांत अशी कांहीं शिबंदी आहे ही कल्पना फार जुनी नाहीं. सन १८८२ मध्यें सिसिली बेटांतील मेसिना येथें मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें ताऱ्याच्या आकाराच्या एका समुद्रजीवाच्या पारदर्शक पिलाच्या अंगांत कांटा टोंचून ठेविला. दुसऱ्या दिवशीं सूक्ष्मदर्शकांतून पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परक्या वस्तूस गिळणाऱ्या या पेशींस त्यानें भक्षकपेशी म्हटलें. त्याच सुमारास जर्मनींत पॉल एर्लिक यानें निरनिराळे रंग वापरून रक्तांतील पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे पाडून दाखविले. सन १९०८ चें नोबेल पारितोषिक या दोघांस वांटून मिळालें. आजच्या अहवालांत न्यूट्रोफिल, इओसिनोफिल वगैरे जीं नांवें आपण वाचतों तीं एर्लिकच्या रंगांचीच देणगी आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत, म्हणजे टांचणीच्या डोक्यावर मावेल एवढ्या थेंबांत, ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्यतः न्यूट्रोफिल असतात. हे बिनीचे शिपाई. जखम झाली, जंतु शिरले, कीं प्रथम धांवून जातात, शत्रूस गिळतात आणि तेथेंच मरतात. अस्थिमज्जेंत त्यांची भरती अखंड चालू असून दररोज अदमासें १०,००० कोटी नवे न्यूट्रोफिल तयार होतात. मोनोसाइट ही संख्येनें थोडी; परंतु रक्तांतून बाहेर पडून त्या भक्षकपेशी बनतात, शत्रूचे तुकडे करितात, व ते तुकडे इतरांस ओळखीसाठीं दाखवितात.

तिसरा वर्ग लिम्फोसाइटचा. शेंकडा २० ते ४० या प्रमाणांत असणाऱ्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं अगदीं साध्या दिसतात, आणि सन १९५० पर्यंत त्यांचें काम काय हें कोणास निश्चित ठाऊक नव्हतें. ऑक्सफर्ड येथें गोवन्स यानें १९५० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं, या पेशी रक्तांतून लसिकाग्रंथींत व तेथून परत रक्तांत अशा सारख्या फेऱ्या घालीत असतात. सन १९६१ मध्यें मिलर यानें छातींतील थायमस या ग्रंथीचें महत्त्व सिद्ध केलें. आज आपणांस माहीत आहे तें असें : बी पेशी प्रतिद्रव्यें बनवितात; टी पेशींपैकीं कांहीं विषाणूनें ग्रासलेली पेशी हेरून तिचा नाश करितात, तर कांहीं इतर पेशींस हुकूम देतात; आणि या दोन्ही प्रकारच्या पेशी एकदां भेटलेल्या शत्रूची स्मृति वर्षानुवर्षें बाळगितात. न्यूट्रोफिल हा शिपाई, तर लिम्फोसाइट हा शिपाईही आणि दफ्तरदारही.

पहिली दवंडी

विषाणु वायुकोशांतील पेशींत शिरला, कीं ती पेशी मरण्यापूर्वीं एक दवंडी पिटते. सन १९५७ मध्यें लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमन हे कोंबडीच्या अंड्यांतील पातळ त्वचेवर इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे प्रयोग करीत होते. विषाणूचा स्पर्श झालेल्या पेशींतून एक द्रव्य बाहेर पडतें व तें शेजारच्या निरोगी पेशींस सावध करितें, असें त्यांस आढळलें. त्यास त्यांनीं इंटरफेरॉन हें नांव दिलें. हें द्रव्य पोंचलें कीं शेजारची पेशी आपलीं दारें लावून घेते, आणि रक्तांतील शिबंदीस वर्दी जाते. ताप येणें, अंग मोडून येणें, अन्नावरची वासना जाणें, या ज्या पीडांस आपण रोग समजतों, त्यांचा बराचसा भाग या दवंडीचाच परिणाम असतो.

ही दवंडी वेळेवर पिटली गेली नाहीं तर काय होतें, याचा मोठा बोलका पुरावा सन २०२० मध्यें मिळाला. कोव्हिडच्या न्यूमोनियानें अत्यवस्थ झालेल्या ९८७ रोग्यांचें रक्त अनेक देशांतील शास्त्रज्ञांनीं मिळून तपासलें. त्यांपैकीं १०१ जणांच्या रक्तांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारीं प्रतिद्रव्यें आढळलीं. आणि या १०१ पैकीं ९५ पुरुष होते. ज्यांस रोग सौम्य झाला किंवा जाणवलाही नाहीं अशा ६६३ जणांत मात्र तसा एकही आढळला नाहीं. म्हणजे दहांतील एका अत्यवस्थ रोग्याच्या घरीं पहारेकऱ्याचें तोंडच कोणीतरी आधीं बांधून ठेविलें होतें! हीं प्रतिद्रव्यें उतारवयांत अधिक प्रमाणांत दिसतात असेंही पुढें कळून आलें. एकाच घरांत, एकाच दिवशीं, एकाच विषाणूची बाधा झालेल्या दोघां भावांपैकीं एक चार दिवसांत उठून बसतो व दुसरा दगावतो, याचें दूषण दर वेळीं शुश्रूषा करणाऱ्या माणसांनीं आपल्या माथीं घेऊं नये, एवढें तरी या शोधानें आपणांस सांगितलें आहे.

ओस पडलेला रस्ता

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जानेवारी २०२० मध्यें वूहान येथील पहिल्या ४१ रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें, त्यांत शेंकडा ६३ जणांच्या रक्तांत लिम्फोसाइट कमी होत्या. पुढच्याच महिन्यांत चीनमधील १,०९९ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत हें प्रमाण शेंकडा ८३ भरलें. हा फरक पाहून कोणी गोंधळूं नये. पहिल्या पाहणींत एका घन मिलिमीटरमध्यें १,००० च्या खालीं गेलेल्या संख्येस कमी म्हटलें होतें, आणि दुसरींत १,५०० च्या खालीं. आंकडा वाचण्यापूर्वीं माप कोणतें हें विचारावें, हा धडा येथेंच घेण्यासारखा आहे. सन २००३ मध्यें सार्स नांवाच्या साथींतही असाच ऱ्हास दिसला होता, आणि इन्फ्लुएंझांतही तो पहिल्या कांहीं दिवसांत दिसतो.

मग या पेशी जातात कोठें? येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. शरीरांतील एकंदर लिम्फोसाइटपैकीं शेंकडा २ च्या आसपासच कोणत्याही क्षणीं रक्तांत असतात. बाकीच्या प्लीहेंत, लसिकाग्रंथींत, आंतड्यांच्या भिंतींत व अस्थिमज्जेंत वस्ती करून असतात. रक्त हें त्यांचें गांव नव्हे, गांवाला जाण्याचा रस्ता आहे. रस्त्यावरची माणसें मोजून गांवाची खानेसुमारी करूं जाणारा मनुष्य जसा फसेल, तसाच रक्तांतील आंकड्यावरून शरीराची सारी शक्ति मापूं पाहणाराही फसतो.

भर दुपारीं एखाद्या गांवाचा हमरस्ता ओस दिसला, तर त्याचीं कारणें तीन असूं शकतात. गांवाच्या टोंकाला गंजीस आग लागली असेल व सारे तिकडे धांवले असतील. चावडीवर सर्वांस बोलावून घेतलें असेल. किंवा, ज्यांनीं मुंबई-पुण्याच्या जुन्या प्लेगाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या आहेत त्यांस सांगावयास नको, माणसें मेलींही असतील. लिम्फोसाइटच्या बाबतींत हीं तिन्ही कारणें खरीं ठरलीं आहेत.

पहिलें कारण हें कीं, त्या रक्तांतून निघून फुप्फुसांत, म्हणजे आगीच्या जागीं, गेलेल्या असतात. दुसरें असें कीं, इंटरफेरॉनच्या प्रभावानें त्यांच्या अंगावर एक विशिष्ट खूण उमटते आणि ती असेपर्यंत त्यांस लसिकाग्रंथींतून बाहेर पडतां येत नाहीं. सन २००६ मध्यें उंदरांवरील प्रयोगांत हें स्पष्ट झालें. चावडीवर अडकवून ठेवण्याचा हेतु हा कीं, फुप्फुसांतून आलेल्या शत्रूच्या तुकड्यांशीं त्यांची गांठ पडावी व ज्या पेशीस तो ओळखतां येईल तिची वंशवृद्धि व्हावी. हीं दोन कारणें असतील तर रिकामा रस्ता हें शुभलक्षण आहे. थोड्याच दिवसांत तो पुन्हां गजबजतो.

तिसरें कारण मात्र घातक. रोग विकोपास गेला कीं दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें रक्तांत इतकीं सांचतात कीं लिम्फोसाइट आपणहून मरूं लागतात. संकटांत शरीर जें कॉर्टिसोल नांवाचें द्रव्य सोडतें तेंही त्यांची संख्या उतरवितें. कोव्हिडनें मृत झालेल्या कित्येकांच्या प्लीहा व लसिकाग्रंथि आंकसलेल्या आढळल्या. येथें रस्ता ओस, आणि गांवही ओस.

एकाच अहवालावरून यांतील कोणतें कारण खरें हें सांगतां येत नाहीं. म्हणूनच जाणते डॉक्टर एका आंकड्यास फारसे भीत नाहींत. दोन दिवसांनीं तो चढला कीं उतरला याकडे पाहतात, आणि त्याहूनही अधिक रोग्याच्या श्वासाकडे पाहतात.

बिनीच्या शिपायांचा अतिरेक

लिम्फोसाइट उतरत असतां दुसरीकडे न्यूट्रोफिल चढत जातात. अस्थिमज्जेवर मागणीचा ताण इतका पडतो कीं अर्धेकच्चे, कवाईत पुरी न झालेले शिपाईही रक्तांत सोडले जातात. सन २००४ मध्यें बर्लिन येथील शास्त्रज्ञांस असें आढळलें कीं, न्यूट्रोफिल मरतांना आपल्या केंद्रांतील धाग्यांचें जाळें बाहेर फेंकतात व त्यांत जंतु अडकवितात. जंतूंपुढें ही युक्ति नामी. परंतु विषाणूंच्या न्यूमोनियांत हेंच जाळें वायुकोशांच्या नाजुक भिंतींस इजा करितें आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्यास मदत करितें. मोनोसाइटचीही अशीच दुर्दशा होते. अत्यवस्थ रोग्यांत त्या संख्येनें असतात, पण शत्रूचा तुकडा इतरांस दाखविण्याचें त्यांचें सामर्थ्य मंदावलेलें असतें. फौज आहे, गलबला आहे, पण हेरखातें मुकें झालें आहे, अशी ही स्थिति.

म्हणून न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांच्या प्रमाणास डॉक्टर महत्त्व देतात. निरोगी प्रौढांत पहिल्या दुसऱ्यांच्या सामान्यतः एक ते तीन पट असतात. हें गुणोत्तर दिवसागणिक वाढत जाणें हें रोग बळावत असल्याचें एक चिन्ह आहे; तथापि तें इतर अनेक कारणांनींही वाढतें, हें विसरतां कामा नये.

मानमोडीची शिकवण

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पणजी-आजीच्या तोंडून मानमोडीचें नांव आलेलें असेल. सन १९१८ चा इन्फ्लुएंझा आपल्याकडे या नांवानें ओळखला गेला. जूनमध्यें तो मुंबईच्या बंदरांतून आला, आणि पावसानें दगा दिलेल्या त्या सालच्या आश्विनांत त्यानें खरें उग्र रूप दाखविलें. एकट्या मुंबई इलाख्यांत अदमासें १० लाख माणसें मेलीं. साऱ्या हिंदुस्थानांत एक कोटीहून पुष्कळच अधिक. वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें अधिक गेलीं, आणि आपल्या देशांत पुरुषांपेक्षां स्त्रियांवर हा घाला अधिक पडला.

त्या काळच्या डॉक्टरांसही रोग्यांच्या रक्तांत पांढऱ्या पेशी कमी दिसत होत्या. परंतु त्याचा अर्थ लावण्यास साधन नव्हतें. खुद्द विषाणूचीच ओळख पटलेली नव्हती. सन १८९२ पासून फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलेला एक जंतुच या रोगाचें कारण मानला जात होता. मनुष्यास होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणु हातीं लागला तो सन १९३३ मध्यें. पुढें १९१८ मधील मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेविलेले तुकडे पुन्हां तपासले गेले. तेव्हां असें दिसून आलें कीं, बहुतेकांस विषाणूच्या मागोमाग जंतूंचा न्यूमोनिया झाला होता. विषाणूनें दार फोडलें, आणि आंत शिरून लूट केली ती जंतूंनीं.

असें कां व्हावें? एक तर श्वासनलिकांचें अस्तर खरवडलें गेल्यानें जंतूंस ठाव मिळतो. दुसरें कारण पेशींच्या कारभारांतलें आहे. सन २००८ मधील उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, विषाणूचा बीमोड करण्यासाठीं टी पेशी जें एक द्रव्य सोडतात, त्याच द्रव्यानें वायुकोशांतील भक्षकपेशींची जंतु गिळण्याची शक्ति कांहीं काळ मंदावते. एका शत्रूवर सारें लक्ष गेल्यानें दुसऱ्यास वाट मोकळी होते. म्हणून फ्लूचा ताप उतरून दोन-चार दिवस बरें वाटल्यावर पुन्हां थंडी वाजून ताप चढणें, छातींत कळ येणें व घट्ट बडका पडणें, हीं लक्षणें क्षुल्लक समजूं नयेत. अशा वेळीं प्रतिजैविक औषधानें जीव वांचतो. तेंच औषध पहिल्या दिवशीं केवळ विषाणूच्या तापावर दिलें तर उपयोग शून्य. उलट त्या औषधास न जुमानणारे जंतु मात्र आपण घरांत पोसतों.

गोंवर : पुसलेली वही

विषाणु रक्षक पेशींस केवळ दमवीत नाहीं, कधीं कधीं त्यांनाच ग्रासतो. गोंवराचा विषाणु स्मृति बाळगणाऱ्या लिम्फोसाइटमध्यें शिरून त्यांचा नाश करितो. सन १९०८ मध्येंच व्हिएन्ना येथील फॉन पिर्के या बालवैद्यास दिसलें होतें कीं, क्षयाच्या त्वचापरीक्षेंत ज्या मुलांची त्वचा लाल होई, त्यांस गोंवर निघाला कीं ती खूण कांहीं दिवस उमटेनाशी होई. याचा खुलासा मिळण्यास एक शतक लागलें. सन २०१९ मध्यें नेदरलंड्समधील लस न टोंचलेल्या ७७ मुलांचें रक्त गोंवरापूर्वीं व नंतर तपासलें, तेव्हां त्यांनीं पूर्वीं मिळविलेल्या प्रतिद्रव्यांपैकीं शेंकडा ११ पासून ७३ पर्यंत नाहींशीं झालेलीं आढळलीं. वर्षानुवर्षें लिहिलेली वही कोणी ओल्या फडक्यानें पुसावी तसें हें झालें. लस टोंचलेल्या मुलांत असा ऱ्हास झाला नाहीं.

‘गोंवर काय, देवीचाच प्रसाद, सर्वांनाच निघतो,’ असें म्हणणारीं वडील माणसें अजून भेटतात. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पुरळ मावळल्यानंतर महिनोन् महिने मूल न्यूमोनियास व जुलाबास सहज बळी पडतें, तें या पुसलेल्या वहीमुळें. सन २०२२ च्या अखेरीस मुंबईंतच गोंवराची साथ येऊन लहान मुलें दगावलीं. नवव्या महिन्यानंतर एक व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, अशा दोन वेळां टोंचण्याची सरकारी सोय असतां ही हानि सोसण्याचें कारण नाहीं.

तारक कीं मारक?

आतां प्रारंभीं सांगितलेल्या प्रश्नाकडे येऊं. स्टेरॉइड हें औषध रक्षक पेशींचा आवेश शमवितें. सन २०२० च्या जूनमध्यें इंग्लंडांतील एका मोठ्या परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कोव्हिडच्या ज्या रोग्यांस कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावें लागलें होतें, त्यांतील मृत्यूंचें प्रमाण डेक्सामेथासोन दिल्यानें शेंकडा ४१ वरून २९ वर आलें. ज्यांस केवळ प्राणवायु द्यावा लागत होता त्यांत तें शेंकडा २६ वरून २३ झालें. आणि ज्यांस प्राणवायूचीही गरज नव्हती त्यांत मात्र मृत्यु कमी झाले नाहींत. औषध न दिलेल्यांत शेंकडा १४, तर दिलेल्यांत शेंकडा १८ असे ते भरले.

वरील विवेचन ज्यानें लक्षपूर्वक वाचलें असेल त्यास यांत नवल वाटणार नाहीं. पहिल्या आठवड्यांत विषाणु वाढत असतो व शिबंदी आपलें काम करीत असते. त्या वेळीं तिचे हात बांधणें म्हणजे शत्रूस मदत करणें. नंतर विषाणु ओसरतो, पण शिबंदीचा आवेश ओसरत नाहीं व ती स्वतःचेंच घर जाळूं लागते. त्या वेळीं तिला आवरणें हेंच औषध. तेव्हां प्रश्न औषधाच्या गुणाचा नसून वेळेचा आहे. ही वेळ न ओळखतां, डॉक्टरांस न विचारतां, किंवा पहिल्याच दिवसापासून घेतलेल्या स्टेरॉइडचें फळ सन २०२१ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रानें पाहिलें. या औषधानें रक्तांतील साखर चढते. साखर चढली व पेशी दबल्या, कीं एरवीं निरुपद्रवी असणारी बुरशी नाकांतून डोळ्यांकडे व मेंदूकडे पसरते. ‘काळी बुरशी’ या नांवानें हजारों घरांत तिनें जो अनर्थ केला, त्यांत कित्येकांचे डोळे गेले व कित्येकांचे प्राण.

घरच्या माणसांनीं काय करावें?

प्रथम, अहवालांत शेंकडेवारी न पाहतां प्रत्यक्ष संख्या पाहावी. एकंदर पेशी १२,००० आणि लिम्फोसाइट शेंकडा १० असतील, तर त्यांची संख्या १,२०० होते. शेंकडेवारी भयंकर दिसली तरी संख्या तितकी वाईट नाहीं. उलट एकंदर ४,००० आणि लिम्फोसाइट शेंकडा २० असतील, तर दोन्ही आंकडे नेमस्त दिसूनही संख्या अवघी ८०० भरते. दुसरें, चार-पांच वर्षांखालील मुलांत लिम्फोसाइट स्वभावतःच अधिक असतात. मोठ्यांच्या मापानें त्यांचा अहवाल वाचून आईनें घाबरूं नये. तिसरें, रोगी स्टेरॉइड घेत असेल तर त्या औषधानेंच लिम्फोसाइट उतरतात व न्यूट्रोफिल चढतात. म्हणून कोणतें औषध पोटांत गेलें आहे हें डॉक्टरांपासून लपवूं नये.

चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें, कागदापेक्षां माणसाकडे पाहावें. श्वास जलद चालणें, बोटाला लावण्याच्या यंत्रांत प्राणवायूचा आंकडा ९४ च्या खालीं जाणें, ओंठ निळसर दिसणें, वृद्ध माणसानें असंबद्ध बोलणें किंवा गुंगींत पडून राहणें, तान्ह्या मुलाची छाती श्वासाबरोबर आंत ओढली जाणें व त्यानें दूध सोडणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास रक्ताच्या अहवालाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. वृद्धांत ताप मुळींच न येतांही न्यूमोनिया होतो, हें विशेष लक्षांत ठेवावें.

काढ्याविषयीं आम्ही एवढेंच म्हणूं कीं, सुंठ-तुळशीच्या ऊन पेल्यानें घशास आराम पडतो व आजीच्या हातचा म्हणून मनासही पडतो. तो जरूर द्यावा. परंतु त्यानें लिम्फोसाइटची संख्या वाढते असें समजून उपचारास उशीर करूं नये. शिबंदीस आगाऊ कवाईत देणारी सिद्ध झालेली वस्तु म्हणजे लस होय. इन्फ्लुएंझाची व न्यूमोकॉकस या जंतूची लस वृद्धांस, मधुमेह्यांस व हृदयरोग्यांस द्यावी कीं काय, हें आपल्या डॉक्टरांस विचारून घ्यावें. घरांत सर्व सुखरूप असतां विचारावें, धाप लागल्यावर नव्हे.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. सन २००८ मध्यें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं ९१ ते १०१ वर्षें वयाच्या ३२ स्त्रीपुरुषांचें रक्त तपासलें. हे सारे सन १९१८ मध्यें लहान मुलें होते व ती साथ त्यांनीं पाहिली होती. नव्वद वर्षें उलटून गेलीं होतीं. तरी त्यांच्या रक्तांत त्या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्यें होतीं, आणि कांहींच्या रक्तांत तीं बनविणाऱ्या बी पेशीही फिरत होत्या. त्या पेशींपासून मिळालेल्या प्रतिद्रव्यांनीं, नव्यानें तयार केलेल्या १९१८ च्या विषाणूपासून उंदरांस वांचविलें. ज्या मुलांनीं तेव्हां आईबाप गमावले असतील, भावंडें गमावलीं असतील, त्यांस त्या दिवसांचें पुढें किती आठवत होतें कोण जाणे. पण त्यांच्या रक्तानें तें विसरलें नव्हतें. साथींत ओस पडलेला रस्ता पुन्हां भरतो, आणि त्यावरून चालणाऱ्यांपैकीं कांहीं थोडे जण मागचें सारें ध्यानांत ठेवून असतात. घरांतील माणसांनींही तेवढें ध्यानांत ठेविलें, तर पुढच्या साथीस आपण पूर्वींइतके अजाण भेटणार नाहीं.